क्लाइडकाठची इर्जिक

आमच्या घराण्यात स्वतःची जमीन असलेला पहिला माणूस म्हणजे माझे सासरे, भगवान धबाले, आणि ती जमीन आहे स्कॉटलंडमध्ये. ग्लासगोहून लॅनार्ककडे जाताना क्लाइड नदीच्या खोऱ्यात, रस्त्याला लागून. दोन एकर, एक बुटकं दगडी घर, सफरचंदाची थोडी म्हातारी झाडं आणि एक भलंमोठं लाकडी चौकटीचं ग्लासहाऊस.

परभणी जिल्ह्यातल्या ज्या गावात बाबा जन्मले, तिथे त्यांचे वडील सालगडी होते. पाडव्याला एका शेतकऱ्याशी सालाचं बोलणं करायचं आणि पुढच्या पाडव्यापर्यंत त्याच्या बैलांबरोबर उठायचं, बैलांबरोबर बसायचं. बाबा दहावी झाले, रेल्वेच्या वर्कशॉपमध्ये लागले, तिथून कुणीतरी इंग्लंडच्या कामगार व्हाउचरची बातमी आणली आणि ते वुल्वरहॅम्प्टनला फाउंड्रीत आले. तिथला धूर सोसेना म्हणून ग्लासगोला येऊन बस चालवू लागले. मग गावी जाऊन लग्न केलं आणि विमलाबाईंना, म्हणजे माझ्या सासूबाईंना, घेऊन आले. आई विमानातून उतरल्या तेव्हा त्यांच्या पिशवीत येसराचं, म्हणजे भाजलेल्या डाळी-मसाल्याचं, पीठ आणि चार प्रकारचं बी होतं: मेथी, शेपू, अंबाडी, मिरची. “नवऱ्याचा काय भरवसा, बियाचा तरी असावा,” असं त्या अजूनही सांगतात, आणि बाबा ऐकू न आल्यासारखं करतात.

त्या काळी या खोऱ्यात टोमॅटोची ग्लासहाऊसं ओळीने होती. मग ती तापवायचं तेल महागलं, हॉलंडचा टोमॅटो स्वस्तात येऊ लागला आणि एकेक करून ती बंद पडली. बाबा एका रविवारी कुटुंबाला घेऊन फिरायला आले आणि मोडकळीला आलेलं एक ग्लासहाऊस पाहून तिथेच थांबले. लोक टोमॅटो सोडून पळत होते तेव्हा हा बस ड्रायव्हर उलट्या दिशेने आला. सकाळची बस चालवायची, दुपारी शेतात यायचं. ग्लासगोच्या हॉस्पिटलांतल्या देशी डॉक्टरांच्या बायकांना पहिली ताजी मेथी मिळाली ती बाबांच्या बसमधून. बसच्या वरच्या मजल्यावर मागच्या सीटवर जुड्या ठेवलेल्या असत, असं माझा नवरा प्रणय सांगतो. बाबा म्हणतात, हे साफ खोटं आहे, खालच्या मजल्यावर होत्या.

आता इर्जिकीचं सांगायला हवं, कारण पुढचं सगळं तिच्यामुळे घडलं. मी पुण्यात वाढले, मला हा शब्द लग्नानंतर कळला. कुणाची नांगरट किंवा पेरणी मागे पडली की तो गावातल्या लोकांना बोलावतो. सगळे आपापली औतं घेऊन येतात आणि दिवसात काम उरकून टाकतात. मजुरी कुणी घेत नाही. ज्याचं शेत, त्याने पोटभर जेवू घालायचं. बाबांचे वडील मालकाचे बैल घेऊन गावातल्या प्रत्येक इर्जिकीला जायचे. छोटा भगवान मागे मागे. काम सगळ्यांच्या बरोबरीने, पण पंगत बसली की हे बापलेक बांधाच्या पलीकडे, वेगळे.

इथे आल्यावर पहिल्याच उन्हाळ्यात शेजारचे वॉली बेअर्ड गवत कापत होते. आभाळ भरून आलेलं, गठ्ठे शेतात पडलेले आणि माणूस एकटा. बाबा आईंना घेऊन सरळ कुंपण ओलांडून गेले आणि गठ्ठे उचलू लागले. शेवटचा गठ्ठा आत गेला आणि पाऊस आला. वॉलींनी पाकीट काढलं. बाबांनी हात जोडून नको म्हटलं आणि गोठ्याच्या दारात मांडी घालून बसले.

“बसले म्हणजे काय,” आई सांगतात, “जेवायची वाट बघत बसले! तो बिचारा गोरा शेजारी बसला, त्याने सिगारेट दिली. यांनी घेतली. मग दोघं पावसाकडे बघत बसले. ना हा उठतो, ना तो काही वाढतो.”

“माणूस चांगला होता,” बाबा म्हणतात. “त्याला फक्त पंगतीचं माहीत नव्हतं.”

दुसऱ्या दिवशी आईंनी वॉलींच्या बायकोला, मोरॅगला, हातवारे करून हा प्रकार समजावला. तेव्हा मोरॅग आधी लाजली आणि मग इतकी हसली, की तिने पुढच्या गवताला मोठं पातेलंभर सूप करून शेतात आणलं. तेव्हापासून बाबा खोऱ्यात सगळ्यांच्या कामाला जातात. मेंढ्यांची वीण, पडलेली कुंपणं, बर्फात अडकलेली गाडी. कुणी निरोप दिला की निघाले. त्यांना तिथे सगळे ‘भॅग’ म्हणतात. वॉली गेले तेव्हा शवपेटी खड्ड्यात सोडायची दोरी धरणाऱ्या घरच्या माणसांत बाबा होते.

यंदाच्या जानेवारीत वादळ आलं आणि ग्लासहाऊसचं छप्पर गेलं. चौकट उभी राहिली, पण काचांचा चुरा झाला. बाबा एक्याऐंशीचे, गुडघ्याचं ऑपरेशन ठरलेलं. प्रणय शनिवारी जाऊन चुरा गोळा करून आला आणि जेवताना म्हणाला, “बाबा, आता पुरे. एक माणूस जागा बघून गेलाय, त्याला घोडे ठेवायचेत. तुम्ही दोघं ग्लासगोला आमच्याजवळ या.”

बाबा म्हणाले, “छप्पर झालं तर?”

“कोण करणार छप्पर? मी बँकेचं सॉफ्टवेअर बघतो. काच बसवणारा माणूस मिळत नाही, मिळाला तर मे महिना म्हणतो.”

“पाडव्यापर्यंत झालं तर?”

प्रणयने हात वर केले. “झालं तर लावा टोमॅटो. नाही झालं, तर मात्र मी त्या माणसाला हो म्हणणार. कबूल?”

“कबूल,” बाबा म्हणाले. पाडवा मार्चच्या शेवटी होता.

मी प्रणयच्या बाजूची होते, आणि त्याचं कारण आमची मुलगी. मृणाल फार्मासिस्ट आहे. तिला ग्लासगोत चांगली नोकरी लागली तेव्हा मी पेढे वाटले. आणि या बाईसाहेबांनी ऑक्टोबरात नोकरी निम्मी केली, उरलेले दिवस आजोबांच्या शेतावर. “आई, मी पूर्ण विचार केली आहे,” असं तिच्या मराठीत मला सांगितलं. मी काळजी करणारी बाई आहे. संध्याकाळी खोऱ्यातून निघाल्याचा आणि घरी पोचल्याचा असे तिचे दोन मेसेज आल्याशिवाय माझं अंथरूण मला बोलावत नाही. तेव्हा घोडेवाला मला देवमाणूस वाटला होता.

रोपं मात्र कुणासाठी थांबत नव्हती. बाबांनी फेब्रुवारीत टोमॅटो आणि मिरचीचं बी ट्रेमध्ये टाकलं होतं. दगडी घराच्या प्रत्येक खिडकीत ट्रे, तिथे मावेनात म्हणून आमच्या फ्लॅटच्या खिडक्यांत ट्रे, शेवटी बाथटबमध्ये ट्रे. आम्ही शॉवर घ्यायला शेजारच्या जिममध्ये जाऊ लागलो.

आणि एक विचित्र गोष्ट सुरू झाली. दर रविवारी आम्ही खोऱ्यात गेलो, की आईंच्या स्वयंपाकघरात लग्नघरासारखं पातेलं. येसराची आमटी, वांग्याची भाजी, परातभर भाकरी. जेवायला आम्ही पाच. उरलेलं डब्यांत भरून आमच्या गाडीत. प्रणय सोमवारी ऑफिसात आमटी, मंगळवारी आमटी, बुधवारी फ्रीज उघडून नुसता उभा राहायचा.

“आई, एवढं का करता?” मी विचारलं.

“मला काय विचारतेस? त्यांना विचार. ‘माणसं येणार आहेत, जास्त कर’ म्हणतात.”

“कोण माणसं?”

आईंनी उलथन्याने बाहेर दाखवलं. बाबा कोट-टोपी घालून, काठी मांडीवर आडवी ठेवून, गेटजवळच्या बाकावर बसले होते आणि रस्त्याकडे बघत होते. मागे उघडं ग्लासहाऊस. मोरॅगच्या मुलाची, युअनची, गाडी गेली. त्याने हात केला, बाबांनी हात केला. गाडी पुढे गेली.

तिसऱ्या रविवारी मृणाल चहा घेऊन बाकावर जाऊन बसली. मी मागे कपडे वाळत घालत होते.

“आजोबा, तुम्ही कोणाचा वाट बघता?”

“कोणाची. माणसांची. इर्जिकीला येतील की.”

“तुम्ही सांगितलं का त्यांना?”

“सांगायचं कशाला? छप्पर उडालंय, रस्त्यावरून दिसतंय. म्या नाही जात समद्यांकडं?”

“पण तुम्हाला ते बोलावतात. फोन येतो. मग तुम्ही जाता.”

बाबांनी चहा बशीत ओतला आणि ती तशीच हातात धरून बसले. मग म्हणाले, “बोलवायचं कसं ते मला येत नाही, बाळा.”

“म्हणजे?”

“माझा बाप आयुष्यभर लोकांच्या इर्जिकीला गेला. मालक म्हणायचा, जा, हा जायचा. पण शेत कुठं होतं बोलवायला? शेतवाला घरोघर कसा जातो, उंबऱ्यात उभं राहून काय म्हणतो, ते आमच्या घरात कुणी केलंच नाही. म्या फकस्त जायचं शिकलो.”

 आई खिडकीतून सगळं ऐकत होत्या, त्या तिथूनच ओरडल्या.

“अहो, ऐका! इतकी वर्षं सातबारावर नाव लावून बसलात आणि अजून सालगड्याचंच पोरगं! उठा. रचना, गाडी काढ. आणि पुढच्या रविवारी माणसं आली नाहीत ना, तर ही आमटी मी तुमच्या टोमॅटोला घालीन!”

बोलवायला स्वतः जायचं असतं, फोन चालत नाही, हे त्यांनी गावात पाहिलं होतं. त्यांच्या माहेरी थोडी कोरडवाहू होती. गाडीत मागच्या सीटवरून त्या बाबांना शिकवत होत्या: “उंबऱ्याच्या बाहेर उभं राहायचं. आधी घरच्यांची विचारपूस. मग म्हणायचं, काम अडलंय, तुमचे हात लागतील. झालं. हात जोडायचे आणि निघायचं. जास्त बोलायचं नाही, तेच तेच घोळवायचं नाही.”

“हे इंग्रजीत कसं म्हणायचं?” बाबा म्हणाले.

“बस चालवताना बोलायचात ना तसं!”

मोरॅगच्या दारात बाबांनी टोपी काढली. गुडघ्याची चौकशी झाली. मेंढ्या कशा आहेत, यंदा कोकरं किती, युअनची बायको कशी आहे. हवा. पुन्हा मेंढ्या. मोरॅगने किटली ठेवली, आम्ही चहा प्यायलो, बिस्किटं खाल्ली, निघायची वेळ झाली आणि बाबा अजून हवेवरच. मी मृणालकडे बघितलं, मृणाल माझ्याकडे. शेवटी बाबा उंबऱ्याबाहेर पाऊल ठेवून वळले आणि रस्त्याकडे बघत म्हणाले, “मोरॅग. रविवारी. छप्पर. तुमचे हात लागतील.”

मोरॅगने कमरेवर हात ठेवले. नव्वदीला टेकलेली बाई, पण आवाज असा की मेंढ्यांनी माना वर केल्या.

“भॅग, गाढवा! वादळ झाल्यापासून युअनने शिड्या बाहेर काढून ठेवल्यात! पण तुझा मुलगा माणूस घेऊन आला, फीत लावून जमीन मोजली. आम्हाला वाटलं तू विकतोस. विकणाऱ्याच्या छपरावर कोण चढणार, आणि त्याला विचारायचं तरी कसं?”

“मी विकत नाही,” बाबा म्हणाले. मग मृणालकडे बघून, “आम्ही विकत नाही.”

त्या दिवशी आम्ही आणखी सहा घरं फिरलो. तिसऱ्या घरापासून बाबा हवेवर फार रेंगाळले नाहीत. शेवटच्या घरी तर टोपी काढता काढताच बोलून मोकळे झाले, आणि गाडीत बसताना आईंना म्हणाले, “सोपं असतंय की.”

“मग! अवघड कोण म्हणालं होतं?”

प्रणय त्या रविवारी आला नव्हता, त्याला आम्ही फोनवर सांगितलं. तो म्हणाला, “काचा कुठून आणणार? त्या मापाच्या काचा आता बनत नाहीत.” हा प्रश्न मला रास्त वाटला आणि आठवडाभर त्याची मी वेगळी काळजी केली.

रविवारी सकाळी उत्तर ट्रॅक्टरवरून आलं. या खोऱ्यात प्रत्येकाच्या मागच्या अंगणात मेलेलं एक ग्लासहाऊस आहे. बापाचं नाहीतर आजोबांचं. कुणी पाडत नाही, कुणी वापरत नाही. युअनने वॉलींच्या ग्लासहाऊसच्या काचा उतरवून, जुन्या चादरींत गुंडाळून आणल्या होत्या. मागून दुसरा ट्रेलर, मग तिसरा. सगळ्या एकाच जुन्या मापाच्या, कारण सगळी ग्लासहाऊसं एकाच काळातली. काही काचा हिरवट, काही लाटालाटांच्या, एकीवर कुणा मुलाने कधीकाळी ऑइलपेंटने काढलेला बोटींचा ताफा.

खोऱ्यातल्या म्हाताऱ्यांनी पुट्टी मळली, तरुण शिड्यांवर चढले. बाबा खाली खुर्चीत बसून काठीने दाखवत होते: खालची काच आधी, वरची तिच्यावर बोटभर चढवून, म्हणजे पाणी आत येत नाही. आणि वर, अगदी मधल्या आढ्यापाशी, माझी मुलगी. दोन्ही हातांत काच.

“मृणाल! हातमोजे!”

“घातली आहेत, आई!”

“चष्मा?”

“घातला आहे!”

“खाली बघू नकोस!”

“मग तू हाका मारू नकोस ना!”

आढ्यावरून युअन ओरडला, “आई काय म्हणते?” मृणालने इंग्रजीत सांगितलं. तो म्हणाला, “माझीही हेच म्हणते,” आणि खाली पुट्टी मळणाऱ्या मोरॅगने त्याला गोळा फेकून मारला.

अकराच्या सुमारास प्रणय आला. चांगले बूट, चांगलं जाकीट. थोडा वेळ हात खिशात घालून बघत राहिला. मग बाबांच्या खुर्चीमागे उभा राहून म्हणाला, “ती चौथी ओळ तिरकी जातेय.”

“मग वर जाऊन सांग,” बाबा म्हणाले.

तो गेला तो जेवणापर्यंत खाली आला नाही. आला तेव्हा जाकिटावर पुट्टी, बोटाला मृणालने बांधलेली पट्टी, आणि चेहरा दहा वर्षांच्या मुलासारखा. चौथी ओळ सरळ झाली होती.

जेवण पॅकिंग शेडमध्ये होतं. आईंनी आणि मी लांब फळ्या एका ओळीत टाकल्या, समोर दुसऱ्या ओळीत बसायला क्रेट उलटे घातले. भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो, त्याच्याखाली बियाण्याचं कपाट. लोक बूट झटकत आत आले. युअन दारातच थांबला. “मी चिखलाने भरलोय, मी आपला ट्रॅक्टरवर बसून खातो,” म्हणाला, आणि ताटली घ्यायला हात पुढे केला.

बाबा खुर्चीतून उठले. काठी राहिली खुर्चीला. त्यांनी युअनचा दंड धरला.

“नाही. बाहेर नाही. ओळीत.”

“अरे भॅग, फरशी खराब—”

“फरशी धुता येते. ओळीत बस.”

युअन बसला. त्याला कारण कळलं नाही, आणि बाबांनी सांगितलं नाही. मी आईंकडे पाहिलं. त्यांनी पदर खोचला आणि आमटीचं पातेलं उचललं.

बाबांनी स्वतः वाढलं. एक हात मृणालच्या खांद्यावर, दुसऱ्यात भाकरी. प्रत्येकासमोर थांबून “आणखी घे” म्हणायचे, आणि नको म्हटलं तरी वाढायचे. मोरॅगने भाकरी आमटीत कुस्करून खाल्ली, अगदी रीतीप्रमाणे. ते तिला आईंनी केव्हाच शिकवलं होतं. येसराच्या तिखटाने दोघा तरुणांचे कान लाल झाले, त्यांतल्या एकाने शर्टाच्या बाहीने डोळे पुसत तिसऱ्यांदा आमटी मागितली. पातेलं रिकामं झालं. इतक्या आठवड्यांत पहिल्यांदा मी डबे न भरता परत येणार होते.

सगळ्यांचं झाल्यावर आई म्हणाल्या, “आता बसा. शेतवाल्याने शेवटी बसायचं असतं, ते बरोबर केलंत.” बाबा ओळीच्या टोकाला, युअनच्या शेजारी बसले. मृणालने वाढलं. त्यांनी पहिला घास घेतला आणि म्हणाले, “मीठ कमी आहे.”

“हो का? मग बोलवा दुसरी बायको, आता येतंय ना बोलवायला!”

शेडच्या दारात उभं राहून प्रणयने फोन केला. घोडेवाल्याला सॉरी म्हणताना त्याने दोनदा ‘माझी मुलगी’ म्हटलेलं मी ऐकलं. फोन खिशात घालून मला म्हणाला, “बघू एक वर्ष.” आमच्या घरात याला होकार म्हणतात.

संध्याकाळपर्यंत छप्पर पुरं झालं. ऊन तिरकं आलं तेव्हा आतल्या मातीवर हिरवे, पांढरे, वेडेवाकडे चौकोन पडले आणि मधोमध बोटींचा ताफा. दुसऱ्या दिवशी मी बाथटबमधले ट्रे नेऊन पोचवले. पाडव्याला बाबांनी पहिलं रोप मृणालच्या हातून लावलं. गुडघ्याचं ऑपरेशनही झालं, आता ते हॉस्पिटलच्या फिजिओथेरपीवालीला मेथी आणून देतात.

आणि आज मोरॅग आली होती. फोन नाही, निरोप नाही. स्वतः युअनच्या हाताला धरून, दगडी घराच्या उंबऱ्याबाहेर उभी राहिली. बाबा पुढे झाले. तिने त्यांना गुडघ्याचं विचारलं, हवेचं विचारलं, आणि मग त्यांना ओलांडून मृणालकडे बघितलं.

“मृणाल, शनिवारी गवत कापतोय. तुझे हात लागतील.”

मृणालने हात जोडले. बाबा बाजूला सरकले, तिला दारात जागा करून दिली.

“येईन,” ती म्हणाली.

तिला गवताची अ‍ॅलर्जी आहे. लहानपणापासून, डोळे सुजतात, शिंका थांबत नाहीत. मी लगेच म्हणाले, “अगं, गोळ्या घे, मास्क लाव, आणि ट्रॅक्टरच्या मागे उभी राहू नकोस.”

“आई,” ती म्हणाली, “मी फार्मासिस्ट आहे.”

“आणि?”

“आणि शेतकरी पण आहे.”

या वाक्यात व्याकरणाची एकही चूक नव्हती. मी तरीही गोळ्या तिच्या डब्याच्या पिशवीत टाकल्या आहेत.